अकरा नंबरचा मुद्देमाल

माझ्या पायाचा नंबर अकरा आहे. ही माहिती आधीच देऊन ठेवतो, कारण पुढे ती पुरावा म्हणून लागणार आहे. आमच्या घराण्यात बुद्धी, पैसा आणि केस यांपैकी काहीच फार काळ टिकलं नाही. पाय मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेले. बुटांच्या दुकानात शिरलो की तिथला पोऱ्या आधी माझ्या पायांकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि 'अकरा नाही येत साहेब' हे अशा सुरात सांगतो की जणू मी हत्तीसाठी पैंजण मागितलेत. त्यामुळे सह्याद्रीतले भटके जे करड्या रंगाचे, स्वस्त आणि कातळाला घट्ट धरणारे बूट घालतात (नाव सांगायची गरज नाही, कुठल्याही गडाच्या पायथ्याशी उभं राहून खाली बघा) त्यांतला अकरा नंबरचा जोड रविवार पेठेत मिळाला, तेव्हा माझ्याइतकाच दुकानदारही भारावला होता.

आता अण्णा. अण्णा म्हणजे आमचे साडू. उभी हयात बँकेच्या लॉकर विभागात गेलेली. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारी आणि पस्तावणारी. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी मोकळ्या हवेत जायला सांगितलं, म्हणून मी हरिश्चंद्रगडावर मुक्कामाचा बेत काढला. गड अकोले तालुक्यात, १४०० मीटरच्या वर. जायच्या वाटा बऱ्याच. नळीची वाट छाती असलेल्यांसाठी, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जाणारी दम असलेल्यांसाठी आणि पाचनईची गुडघे असलेल्यांसाठी. अण्णांनी वाटेची चौकशीच केली नाही. म्हणाले, "तिथं चोऱ्या होतात का?"

"अण्णा, डोंगरावर चोरण्यासारखं आहे काय?"

"आपण नेणार आहोत ना!"

आणि त्यांनी खरोखरच नेलं. पाच कुलुपं, सायकलची साखळी, किल्ल्यांचा जुडगा, एक पक्कड (कशाला, ते विचारायचं नाही), शिट्टी, दोन विजेऱ्या. पैशांच्या बारीक सुरळ्या करून त्या वाटून ठेवल्या होत्या: थोड्या मोज्यात, थोड्या बंडीच्या आतल्या खिशात, थोड्या पोह्यांच्या डब्यात तळाशी. "सगळे एका ठिकाणी ठेवले की सगळे जातात," ते म्हणाले. हे खरं आहे. पाच ठिकाणी ठेवले की तीन आपल्यालाच सापडत नाहीत, हेही खरं आहे.

पाचनईत वनखात्याची पावती फाडली, नावगाव लिहून दिलं. तिथून अण्णांनी भेटेल त्या गावकऱ्याकडे संशयाने बघायला सुरुवात केली. गाडी जिच्या अंगणात लावली ती आजी तिथेच बसून नाचणी पाखडत होती. अण्णांनी तिच्यादेखत चारही दारं ओढून बघितली. आजींच्या स्वतःच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. मी चिडून त्यांना सांगितलं, की या मुलखात लुटारू म्हणून इंग्रजांनी ज्यांच्यावर शिक्का मारला ते राघोजी भांगरे. याच तालुक्यातल्या देवगावचे. गोरगरिबांना नागवणाऱ्या सावकारांवर त्यांनी धाक बसवला आणि इंग्रजांनी त्यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. अण्णा थोडा वेळ गप्प चालले. मग हळूच म्हणाले, "सावकारांवर म्हणजे... बँकवाल्यांवरही राग असेल का हो अजून?"

गड पाहिला. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ एवढं नाजूक कोरलेलं आहे, की ते बघताना मला माझ्या पायांची लाज वाटली. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात भलंमोठं लिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. तो पडला की जग बुडणार, असं सांगतात. अण्णांनी तो हात लावून हलतो का ते पाहिलं. कोकणकड्यावर कर्नल साईक्सला १८३५ साली इंद्रवज्र दिसलं म्हणतात. आम्हाला तिथे मोबाइल उंचावलेल्या पाठी दिसल्या. मुंबईहून चाळीसेक जणांचा एक ग्रुप आला होता. सगळ्यांचे टी-शर्ट निळे, गळ्यात शिट्टी अडकवलेला विशीतला एक लीडर आणि पायांत, सांगायला नकोच, तेच करडे बूट.

मुक्काम कड्याच्या अलीकडे एका झोपडीवाल्या मावशींच्या तंबूत. पिठलं-भाकरी खाऊन हात धुतो तोवर अण्णांनी आत बँक उघडली होती. दोन्ही सॅक साखळीने एकमेकींना जखडल्या. तंबूच्या चेनला आतून आकड्यांचं कुलूप. कापडाच्या भिंतीला लोखंडी कुलूप लावून काय साधतं? चोराला साधं ब्लेड पुरतं, शिवाय आत माल आहे ही जाहिरात फुकट. डोंगरातले जुने लोक सॅक उशाला घेतात, पैसे अंगावर ठेवतात आणि बूट तंबूत पायथ्याशी घेतात. बस्स, एवढंच. मी बूट आत घेऊ लागलो, तर अण्णा कडाडले, "पादत्राणं आत? आत अन्न आहे! आणि अकरा नंबर कोण नेतंय तुमचे?"

अशा रीतीने रात्रभर हरिश्चंद्रगडावर आमची एकच वस्तू बिनकुलपाची राहिली.

मध्यरात्री अण्णांना बाहेर जायची निकड लागली. कुलपाचा आकडा म्हणजे त्यांच्या निवृत्तीची तारीख. ती विसरणं शक्य नव्हतं, पण चष्म्याशिवाय आकडे दिसेनात. चष्मा सॅकमध्ये, सॅक साखळीत, साखळीची किल्ली मोज्यात, मोजा पायात आणि पाय स्लीपिंग बॅगेत. बॅगेची चेन अडकली होती. 'पक्कड!' असा त्यांनी टाहो फोडला, तेव्हा पकडीचा उपयोग मला प्रथमच कळला. पण पक्कडही सॅकमध्येच होती.

पहाटे ग्रुप शिट्टीवर उठला, शिट्टीवर चहा प्याला आणि शिट्टीवर अंधारातच उतरू लागला. उजाडल्यावर मी तंबूबाहेर पाय काढले. समोर करड्या बुटांचा जोड होता. तीच चिखलाची नक्षी, त्याच काळ्या नाड्या. घालायला गेलो, तर चवड्याच्या पुढे पाय जाईना. आत नंबर बघितला: सात.

"म्हणजे पीडा गेली," अण्णा म्हणाले. "देवळापाशी जोडे गेले की साडेसाती संपते." माझी साडेसाती समोर उभी राहून दात घासत होती. वर त्यांनी मला चांगदेवांचा दाखला दिला, की त्यांनी याच गडावर 'तत्त्वसार' लिहिला, त्यांना कुठे बूट होते? चांगदेव वाघावर बसून फिरत, अण्णा! मला पाचनई गाठायची होती, तीही अकरा नंबरच्या बसने.

गलका ऐकून मावशी आल्या. "कोन नेतंय हितं बूट? बदली झालं आसंल अंधारात," म्हणाल्या. मग झोपडीत शिरल्या आणि टायरच्या चपला घेऊन आल्या. जाड काळा तळ, खिळ्यांनी ठोकलेला पट्टा, अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झालेला खळगा. "मालकाच्या हायेत. ते सामान आणाया खाली गेलेत. भेटले का द्या, नायतर आजीच्या वट्यावर ठेवा."

मी अनामत म्हणून पैसे पुढे केले. त्यांनी हात मागे घेतला. माझं नावही विचारलं नाही, फोन नंबर नाही, काही नाही. चुलीपाशी बिस्किटांची एक प्लास्टिकची बरणी होती. लोक सरबत पिऊन त्यात आपणच पैसे टाकत होते, आपणच सुटे काढून घेत होते. मावशी हंडा घेऊन टाक्याकडे निघून गेल्या आणि बरणी तिथेच, झाकण उघडं. अण्णा तिच्याकडे बघत उभे राहिले. लॉकर विभागातल्या उभ्या नोकरीत त्यांनी असलं काही पाहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी ओढून बघितलं नाही. तेवढ्यापुरते ते मला आवडले.

चपला नवाच्या होत्या. टाच दोन बोटं बाहेर लोंबत होती. पुरावा म्हणून सात नंबरचा जोड मी नाड्यांनी सॅकला बांधला आणि उतरायला लागलो. कड्याच्या पोटाखालून जाणाऱ्या वाटेवर दवाने दगड ओले होते. पुढचा पाय महाराष्ट्रात आणि टाच अधांतरी, अशा अवस्थेत मी उतरलो. माकडांनीसुद्धा माझ्याकडून काही हिसकावलं नाही.

पाचनईत आजींच्या अंगणात निळा ग्रुप नाश्त्याला बसला होता. मी शिरताच एक किडकिडीत मुलगा उठून ओरडला, "माझे बूट!"

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. सॅकला लोंबणारे सात नंबरचे बूट मी कुठल्याही बाजूने लपवू शकलो नाही. लीडर शिट्टी सावरत आला. "काका, हे तुमच्याकडे कसे?"

"त्यानेच माझे नेलेत!"

"मी? मला वाटलं, दवाने सैल झालेत," मुलगा म्हणाला. चार नंबरांचा फरक! दवाने बूट एवढे वाढत असते, तर मी जन्मभर गवतातच राहिलो असतो.

आपली सभ्यता सिद्ध करायला अण्णा पुढे सरसावले. ओळखपत्र काढायला त्यांनी सॅक उलटी केली. अंगणात धडाधड पडलं ते असं: किल्ल्यांचा जुडगा, पाच कुलुपं, साखळी, पक्कड, दोन विजेऱ्या आणि पोह्यांच्या डब्यातून घरंगळत आलेल्या नोटांच्या सुरळ्या. अंगणात कोणी बोलेना. कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं.

तेवढ्यात डोक्यावर पिठाचं पोतं घेतलेला एक गृहस्थ अनवाणी पायांनी अंगणात आला. माझ्याकडे बघून थबकला. "ओ पाव्हणं, त्या चपला माझ्या हायेत."

तिसरा गुन्हाही दाखल झाला.

पोतं खाली ठेवून त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं, बाहेर आलेल्या टाचा पाहिल्या आणि हसला. "कारभारनीनं दिल्या आसतील. द्या ऱ्हाऊ... आन्‌ तू रं पोरा, चाल बघू." मुलगा चालला. फटॅक, फटॅक. "काढ." तपास संपला. चपला पायात सरकवून तो पोतं उचलून चढणीला लागला. त्याच्याकडे दुसरा जोड नव्हता, हे मला तो वळल्यावर कळलं, आणि आभार मानायचे तर तो पार वळणापलीकडे गेला होता.

लीडरने माझी माफी मागितली नाही. त्याने शिट्टी वाजवली, ग्रुप गोळा केला आणि माझ्याकडे तिरका डोळा ठेवून पाच मिनिटं भाषण दिलं: गडावर मौल्यवान वस्तू सांभाळा, स्थानिक लोकांवर लगेच विश्वास टाकू नका, हल्ली कोणाचा भरवसा राहिलेला नाही. शेवटी 'छत्रपती शिवाजी महाराज की' अशी आरोळी झाली आणि टाळ्या पडल्या.

सगळ्यांत जोरात टाळ्या अण्णांच्या होत्या.