पाच इस्त्र्या आणि एक विरजण

खोक्यावर लिहिलं होतं : ५००० वॅट. आकडा लाल, भोवती ज्वाळा आणि ज्वाळांतून झेप घेणारा एक चित्ता. हिनं खोकं सगळ्या बाजूंनी फिरवून वाचलं आणि भर दुकानात विचारलं, "अहो, आपली इस्त्री किती वॅटची आहे?"

"हजार."

"म्हणजे हे पाच इस्त्र्या एकदम लावल्यासारखं झालं. वायरिंग जळेल की!"

दुकानदार हसला. "ताई, तो कंपनीचा आकडा असतो. तुमचा आकडा मागच्या बाजूला आहे."

मागच्या बाजूला, चित्त्याचं शेपूटही पोचत नव्हतं अशा कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरांत लिहिलं होतं : ४० वॅट, आरएमएस.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. माणूस सांगतो ते उत्पन्न आणि त्याला मिळतं ते उत्पन्न, यांतलं अंतर मोजायचा मला पगार मिळत असे. तरी इस्त्रीचा प्रश्न मला सुचला नाही, हिला सुचला. खरं तर हिशेब शाळेतला आहे. घरातला साधा प्लग सहा अँपिअरचा. २३० व्होल्टनं गुणलं की १३८० वॅट. त्यातून पाच हजार काढायचे म्हणजे तांब्यातून हंडा भरायचा. पुढे भाच्यानं उलगडून सांगितलं. आरएमएस म्हणजे यंत्र न कुरकुरता सतत देऊ शकेल ती ताकद. पुढच्या बाजूचा मोठा आकडा असतो तो पीएमपीओ; म्हणजे एखाद्या निमिषात, सगळे ग्रह उच्चीचे असताना, जास्तीत जास्त काय निघू शकेल ते. तो मोजायची ठरलेली रीत नाही, त्यामुळे जो तो आपल्या मनाच्या मोठेपणाप्रमाणे मोजतो. मला लगेच ओळख पटली. "साहेब, महिन्याला लाख रुपये सहज सुटतात," हा पीएमपीओ. आयकराच्या विवरणपत्रात सापडतो तो आरएमएस.

या सगळ्याच्या मुळाशी भाचाच होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एकदा आमचा प्रिंटर दुरुस्त करायला आला आणि आम्ही कॉम्प्युटरवर पिक्चर बघताना त्याला दिसलो. मॉनिटरच्या दोन्ही अंगांना, कॉम्प्युटरबरोबर फुकट मिळालेले, लिमलेटच्या गोळ्यांच्या बरणीएवढे दोन स्पीकर. तो पाच मिनिटं उभा राहिला आणि समाचाराला आल्यासारख्या आवाजात म्हणाला, "मामा, तुम्ही पिक्चर ऐकत नाही. कुणीतरी फोनवर सांगितल्यासारखा समजून घेता."

पुढच्याच शनिवारी आम्ही तपकीर गल्लीत. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या या गल्लीत विजेवर चालणारं काहीही मिळतं. मिळत नाही ती फक्त उभं राहायला जागा. दुकान म्हणजे भिंतींना लावलेली खोकी आणि उरलेल्या जागेत मालक. त्यानं स्पीकरांचा संच लावला. हेलिकॉप्टर डावीकडून उजवीकडे गेलं, मागून गोळ्या सुटल्या, काचा फुटल्या, सगळं अर्ध्या मिनिटात. मी भारावलो. हे मात्र नंतर ध्यानात आलं, की दुकानातला नमुना म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. त्या अर्ध्या तासात मुलगी गाते, मुलगा कमी बोलतो. संसार त्यावरून समजत नाही. घरी हेलिकॉप्टर क्वचित येतं.

किंमत तीन हजार दोनशे. हिनं ती दोन हजार आठशेवर आणली, शिवाय दहा फूट जादा वायर. मी मनात भागाकार केला. पाच डबे आणि खर्जासाठी एक वूफर, असे सहा नग. नगाला पावणेपाचशेच्या आत. त्यातच अँप्लिफायर, रिमोट, वायरी आणि चित्ता. मग एक छोटा स्पीकर उचलून पाहिला. स्पीकर वजनावरून ओळखावा, कारण वजन लोहचुंबकाचं असतं; चुंबक लहान तर जोर लहान. हा बिस्किटाच्या पुड्याएवढा भरला. टिचकी मारली तर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजला. वूफर मात्र दाबलेल्या लाकडाचा, जड, ठोकल्यावर 'ठप्प' म्हणणारा. म्हणजे घराणं सगळं एका कर्त्या माणसावर चाललेलं, बाकीचे पाच जण वाढदिवसाच्या फोटोपुरते. कर्ज विभागात अशी घरं मी पुष्कळ पाहिली होती. तरी मंजुरी दिली.

घरी आल्यावर कळलं, की या संचाला वीज कमी आणि भूमिती जास्त लागते. शास्त्राप्रमाणे पुढचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून तीस-तीस अंशांवर, मधला नाकासमोर आणि मागचे दोन एकशे दहा अंशांच्या आसपास, म्हणजे कानांच्या जरासे मागे. शास्त्र ज्यांनी लिहिलं त्यांच्या खोलीत कपाट नसावं. आमची खोली दहा बाय अकरा. मागचा उजवा स्पीकर कपाटावर, गाद्यांच्या वळकटीशेजारी गेला. मागच्या डाव्याची जागा मोजून काढली तर ती नेमकी देवघरावर आली.

"तिथे नाही," आई म्हणाली. "देवाच्या पाठून बंदुका नकोत."

मी म्हटलं, नुसत्या बंदुका नसतात, पाऊससुद्धा असतो. तर म्हणाली, "पाऊस देव पाडतो. त्याला डबा लागत नाही." शेवटी तो खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला. एक कान एकशे दहा अंशांवर, दुसरा साधारण बाल्कनीत.

मग पिना. हिरवी पुढच्यांची, काळी मागच्यांची, नारिंगी मधल्याची आणि वूफरची. आमच्या कॉम्प्युटरच्या पाठीला भोकं तीनच : हिरवं, निळं आणि गुलाबी. भाचा म्हणाला, काही अडत नाही, सेटिंग बदललं की निळ्यातून मागचा आवाज येतो आणि गुलाबीतून मधला. बदललं. आवाज आला. रविवारी बंगळुरूहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती बोलली ती पाच दिशांनी ऐकू आली, आईनं दचकून मागे वळून पाहिलं. पण आम्ही बोललो ते तिला एक अक्षर पोचेना. आम्ही खुणा करतोय, ती "आई, बाबांना काय झालंय?" असं विचारतेय. गुलाबी भोक मुळात मायक्रोफोनचं होतं. म्हणजे ऐकायचं तर पाच बाजूंनी, पण बोलायचं नाही. सासरेबुवांच्या घरी पहिल्या दिवाळसणाला मी याच व्यवस्थेत बसलो होतो.

भाच्यानं मला या प्रकाराचा इतिहासही सांगितला. लंडनमधला अ‍ॅलन ब्लूमलाइन नावाचा इंजिनिअर बायकोबरोबर बोलपट पाहायला गेला. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून. तो बायकोला म्हणाला, माणूस जिकडे जाईल तिकडे आवाज नेता येईल; आणि डिसेंबर १९३१ मध्ये स्टीरिओच्या पेटंटसाठी त्यानं अर्ज केला. बायकोबरोबर सिनेमाला गेल्यावर तिथे पेटंट निघतं, इथे पार्किंगची पावती. पुढे १९४० मध्ये डिस्नेनं 'फँटेशिया'साठी आवाज थिएटरभर खेळवला. पण यंत्रणा इतकी महागडी, की ती मोजक्याच ठिकाणी बसली. १९९२ साली 'बॅटमन रिटर्न्स' या सिनेमाबरोबर डॉल्बीचा डिजिटल पाच-अधिक-एक थिएटरात आला. जे डिस्नेला परवडलं नाही ते आपण अठ्ठावीसशेत आणलं, या विचारानं मला दोन दिवस बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मला जुनी गाणी ऐकायची इच्छा झाली. आपली सोन्यासारखी जुनी गाणी बहुतेक मोनो. म्हणजे आवाज मुळात एकच; तो पाच तोंडांनी ऐकला काय नि एका तोंडानं ऐकला काय! इंटरनेटवरचं बाकीचं गाणंबजावणं बरंचसं दोन चॅनेलचं. त्याचे पाच केले तर पुढचाच आवाज मागे वाढतात, आमटीत पाणी घालून पंगत उठवल्यासारखा. खराखुरा सहा चॅनेलचा सिनेमा भाच्यानं आणून दिला, तेव्हा मी अडीच तास मागच्या स्पीकरांकडे कान लावून बसलो. ते तीनदा बोलले. एकदा पाऊस, एकदा टाळ्या, एकदा कुत्रं. लग्नात वरपक्षाकडचे एक काका असतात. त्यांना पहिल्या पंगतीला बसवावं लागतं, मानाचं उपरणं द्यावं लागतं, आणि कार्यभर त्यांच्या तोंडून "पाणी" याखेरीज शब्द निघत नाही. मागचे स्पीकर त्या गोत्राचे. बरं, कुत्रं भुंकलं तेव्हा ही उठून दार बघून आली.

वूफर मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. शास्त्र सांगतं, की साधारण ऐंशी हर्ट्झच्या खालचा खर्ज नेमका कुठून येतो हे माणसाच्या कानाला धड कळत नाही. म्हणून वूफर कुठेही ठेवा. आम्ही टेबलाखाली ठेवला. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या कानांना हे शास्त्र माहीत नसावं. पहिल्या स्फोटापासून चार मिनिटांत ते दारात उभे होते आणि बोट थेट टेबलाखाली. शिवाय आमच्या शोकेसमध्ये माझ्या निवृत्तीच्या वेळी मिळालेला स्टीलचा पेला आहे. खर्जाच्या एका ठरावीक सुराला तो असा थरथरायचा, की युद्धाच्या ऐन धुमाळीत कुणीतरी ताक ढवळतंय असं वाटे.

भाचा म्हणाला, "मामा, ऐंशी वॅटचा घेतला असता तर दुप्पट मजा आली असती." हेही मी तपासलं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलनं चढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. पगारवाढीचंही साधारण असंच असतं, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला अजून पगार नव्हता.

दोन महिन्यांनी मी सवयीनं मूल्यांकनाचा अहवाल लिहिला. मागचे दोन स्पीकर : अनुत्पादक मालमत्ता. मधला : संवाद स्पष्ट, किंमत वसूल. पुढचे दोन : बरणीपेक्षा बरे. वूफर : शेजारधर्माच्या अधीन. शेरा : याच पैशांत दोनच, पण वजनदार स्पीकर आले असते तर घर आणि गाणं दोन्ही सुखी झालं असतं. एवढ्याशा खोलीत एवढ्याशा पैशाचे सहा वाटे केले की प्रत्येकाच्या वाट्याला वासच येतो. अहवालावर सही केली आणि हिला वाचायला दिला.

हिनं वाचला. "वूफरचं चुकलंय," म्हणाली.

डिसेंबर चालू होता. पुण्याच्या थंडीत दही लागत नाही, ही या शहरातल्या घराघरांची जुनी तक्रार. पातेलं कणकेच्या डब्यात ठेवून बघा, स्वेटरमध्ये गुंडाळा, सकाळी दूध ते दूधच. आमच्या संचाचा अँप्लिफायर आणि त्याचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर वूफरच्याच पोटात आहे. बटण चालू असेल तर आवाज असो-नसो, ट्रान्सफॉर्मर तापतो, आणि वरची फळी शेकलेल्या पाटासारखी कोमट होते. केर काढायला येणाऱ्या मावशींचा हात तिथे टेकला होता. त्यांनी हिला सांगितलं, हिनं मला सांगितलं नाही. आठ दिवस आमच्याकडे सुरीनं कापता येईल असं दही पडत होतं आणि मी दह्याचं श्रेय डेअरीला देत होतो.

तेव्हापासून घराचे नियम बदलले. रात्री नऊला दूध कोमट करून, विरजण लावून पातेलं वूफरवर जातं, वर टॉवेल. लागत्या दह्याला हादरा चालत नाही; हलवलं की मोडतं आणि पाणी सुटतं. त्यामुळे नऊनंतर स्फोट बंद, खर्जाचं बटण शून्यावर. मी एकदा चोरून नौदलाचा एक सिनेमा पाहिला, पाणबुडी वगैरे. सकाळी पातेल्यात चोथा एकीकडे, पाणी एकीकडे. "कोणतं जहाज बुडालं काल?" एवढंच हिनं विचारलं. आता हिवाळ्यात तो संच रात्रभर चालू असतो आणि काही वाजत नाही. आवाजाला चाळीस वॅट, पण दह्यापुरता तो रात्रीत पाव युनिटही जाळत नाही. खालच्या काकांना आठवड्याला एक वाटी जाते. ते हल्ली स्वतःहून विचारतात, "स्पीकर चालू आहे ना?"

भाच्याला नोकरी लागली. पहिल्या पगारात मामा-मामींना नवा संच घ्यायचा म्हणून तो आम्हाला पुन्हा तपकीर गल्लीत घेऊन गेला. तेच दुकान, खोकी नवी, चित्त्याच्या जागी गरुड. मालकानं एक लांबोडका साउंडबार आणि त्याचा वूफर लावला. हेलिकॉप्टर आलं, गेलं. खरोखर चांगला आवाज होता. मी पाठीमागचा आरएमएससुद्धा वाचून घेतला.

ही मात्र वूफरशेजारी वाकून, तापकऱ्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, त्याच्यावर हात ठेवून उभी होती. मालकाला वाटलं, गिऱ्हाईक जाणकार आहे.

"बिनधास्त हात ठेवा, ताई," तो म्हणाला. "तो जुना ट्रान्सफॉर्मर गेला. आता सगळं क्लास-डी. रात्रभर चालू ठेवा, गारच्या गार!"

हिनं हात काढून घेतला आणि पर्स खांद्याला लावली.

"मग नको," म्हणाली.