वेफरवाला भाचा

बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठातून भाच्याने इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि "आता मायक्रोचिपमध्ये पीएचडी" असं जाहीर करून टाकलं. ताईच्या जळगावच्या ओट्यावर धुळ्याचे आबा बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "शिकाना पैसा भेटस, का देना पडस?"

मुद्द्याचं बोलावं ते आबांनीच. नेट परीक्षेतून जेआरएफ फेलोशिप निघाली तर महिन्याला ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार. आमच्या दिवट्याची ती दोन गुणांनी हुकलेली. म्हणून मोर्चा युरोपकडे. तिकडे पीएचडीची जागा नोकरीसारखी निघते, करार होतो, पगार होतो. 'पगार' ऐकल्यावर आबांनी पुढचं ऐकलं नाही.

खरा घोळ झाला वेफरचा. सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या पातळ चकतीला वेफर म्हणतात आणि ती कापली की चिप निघतात, असं भाचा सांगू लागला. केळीच्या मुलखात हे सांगायची हिंमत पाहा!

"वेफर म्हणजेच चिप ना रे?" ताई म्हणाली. "आणि त्यासाठी युरोप? रावेरला काय कमी आहे?"

मग त्याने बायोमेडिकल काढलं. चिपवर माणसाच्या पेशी वाढवायच्या आणि औषध आधी तिच्यावर तपासायचं. हार्वर्डवाल्यांनी २०१० साली फुप्फुसाची चिप केली. पेनड्राइव्हएवढी, पण आतला पडदा श्वास घेतल्यासारखा ताणला जातो. ताईचा चेहरा उजळला. पोरगं इंजिनिअर होईना, डॉक्टर होईना, हे दुःख एका फटक्यात मिटलं.

युरोपातल्या मेरी क्युरी फेलोशिपच्या अटी आम्ही तिघांनी मिळून वाचल्या. ज्या देशात जायचं, तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं! डोमिसाइलसाठी सेतूच्या रांगेत जन्म घालवलेली आमची जमात. आणि हे न राहिल्याचा दाखला मागतात. "मले आत्ते भेटी," आबा म्हणाले.

आबांचा आदर्श म्हणजे इतिहासाचार्य राजवाडे. दप्तरं शोधत गावोगाव हिंडले, इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, १९२६ साली धुळ्यातच गेले. कोणती फेलोशिप होती त्यांना? माझं मत असं, की राजवाड्यांना गाइड नव्हता हे गाइडचं नशीब. त्यांचा संताप सोसणार कोण?

भाच्याने मात्र गाइडांना एकसष्ट मेल पाठवले. चौघांनी नकार कळवला, त्याचंही आम्हाला कौतुक. बाकीचे बहुधा सुट्टीवर. शेवटी बेल्जियममधल्या ल्युव्हेनहून ऑनलाइन मुलाखत ठरली. चिपवाल्यांचं ते पंढरपूर. आयमेक ही संस्था तिथे १९८४ पासून आहे.

मुलाखत भर मे महिन्यात, दुपारी दीडला. कूलरचा आवाज भाच्याच्या इंग्रजीपेक्षा मोठा, म्हणून तो बंद. अंगात लग्नातला कोट. दहाव्या मिनिटाला घाम हनुवटीवरून टपटपायला लागला, तेव्हा प्रोफेसर बाई हळुवारपणे म्हणाल्या, घाबरू नका. घाबरलं कोण होतं? जळगाव होतं ते.

जागा मिळाली. निघायच्या आदल्या रात्री ताई बॅगेत केळीच्या वेफरची दोन किलोची पिशवी दाबून बसवत होती.

"आई, तिकडे मी वेफरवरच काम करणार आहे गं."

"ते खाता येतात का?" म्हणत तिने चेन ओढली.