एकरकमी शंभर किलो

साताऱ्यात सोमवारी संध्याकाळी सात वाजता दोन गोष्टी मिळत नाहीत. पोवई नाक्यावर गाडी लावायला जागा आणि जिममध्ये उताणं पडून बार दाबायचा मोकळा बेंच. गाडीचं एक वेळ जमून जातं. बेंचचं जमत नाही, कारण सोमवार हा अखिल भारतीय छातीवार आहे. मांड्यांचा व्यायाम ज्यांनी गेल्या दिवाळीनंतर केलेला नाही, ते सगळे वीर त्या दिवशी बेंचभोवती गोळा होतात आणि एकमेकांना एकच प्रश्न विचारतात. "भावा, किती मारतोस?"

उत्तर शंभर किलो असावं लागतं. नसेल तर "खांदा दुखतोय जरा" असं असावं लागतं. तिसरं उत्तर अजून कुणी दिलेलं मी ऐकलं नाही.

नवख्या पोरांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. शंभर व्हायला किती दिवस लागतील? दिवस हं! महिने नव्हेत. कुणाला गणपतीच्या आत हवंय, कुणाला थोरल्याच्या हळदीआधी. भिंतीवरचा बोर्डही नव्वद दिवसांत कायापालट करून देतो. बोर्डावरचा पैलवान अमेरिकेतला आहे आणि त्याचा नव्वदावा दिवस बहुधा दहाव्या वर्षी उजाडला होता, एवढाच काय तो फरक.

गंमत म्हणजे हे विचारणारं पोरगं निघतं उसाच्या घरचं. कराडचं, वाळव्याचं, पलूसचं. त्याचा बाप जुलैत आडसाली लावतो आणि सोळा ते अठरा महिने कोयत्याची वाट बघतो. गणपतीपर्यंत कांड्या मोजायला कधी जात नाही. सांगलीकडची हळदसुद्धा जमिनीत नऊ महिने मागते. त्याच रानातून आलेल्या पोराला छाती मात्र तीन महिन्यांत पाहिजे, आणि तीही एकरकमी. एकरकमी एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या रास्त दरासाठी, आपल्या भागाने रस्ते रोखले, कारखान्याच्या गव्हाणीत उड्या मारल्या, ते योग्यच होतं. ऊस घातल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे, असं सरकारी आदेशात लिहिलेलंच आहे. शरीराचा कारखाना मात्र असला कुठला आदेश मानत नाही. तो हप्त्यांनीच देतो आणि शेवटचे हप्ते फार लांबवतो.

तर हप्त्यांचा हिशेब घ्या. सत्तर किलोचा, धडधाकट, विशीतला गडी धरू. आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने बेंच करणारा. सुरुवात २० किलोच्या रिकाम्या बारने. पहिले दोन महिने स्वर्ग असतात. दर आठवड्याला अडीच किलो चढतात, कधी पाच. पोरगं आरशात बघतं, तर छाती होती तिथेच. मग हे वजन उचलतंय कोण? उचलतात मज्जातंतू. मोरितानी आणि डीव्हरीस या दोघांनी १९७९ साली हे मोजून दाखवलं होतं. सुरुवातीच्या आठवड्यांतली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. असलेल्याच स्नायूंना एकदम कामाला लावायला मेंदू शिकतो. नवे मजूर आलेले नसतात. जुनेच, बांधावर तंबाखू मळत बसलेले, उठून वाफ्यात उतरलेले असतात.

ते सगळे उतरले की स्वर्ग संपतो. आता खरोखर मांस भरावं लागतं आणि ते हळदीच्या गतीने भरतं. ६० किलो, म्हणजे दोन्ही बाजूंना वीसची एकेक प्लेट, बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत जमतं. स्वतःच्या वजनाइतका बेंच व्हायला वर्ष धरा, थोडं मागंपुढं. आणि शंभर? दोन ते तीन वर्षं, तेही मध्ये टायफॉइड, परीक्षा, यात्रा आणि प्रेमभंग यांनी फार दांड्या मारायला लावल्या नाहीत तर. म्हणजे एक आडसाली आणि वर एक खोडवा. अंगाने भरलेल्या गड्याचं लवकर होतं, किडकिडीत लांब हातांच्याचं उशिरा, आणि काहींचं कधीच होत नाही. न होणाऱ्यांनाही लग्नाला मुली मिळतात, असं पाहण्यात आहे.

मुलींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या बेंचवर मुलीचा नंबर लागतो तो चार जणांचं "फक्त एक सेट राहिलाय ताई" ऐकून झाल्यावर. तिने पहिल्या वर्षात स्वतःच्या निम्म्या वजनाचा बेंच केला तरी ती झकास चालली आहे. हे त्या चौघांपैकी एकानेही तिला सांगितलेलं नसतं. कसं बसायचं, कसं धरायचं, हे मात्र चौघांनी सांगितलेलं असतं.

"पण काका, आठवड्याला अडीच म्हणजे वर्षाला १३० किलो होतात," एकाने मला कॅलक्युलेटर दाखवला. बरोबर आहे. रिकाम्या बारपासून पाच वर्षांत ६७० होतात. अमेरिकेच्या ज्युलियस मॅडॉक्सने २०२१ मध्ये ३५५ किलो मारले. वजन उचलायला मदत करणारा घट्ट शर्ट न घालता कुणीही मारलेला तो जगातला विक्रम होता. तेव्हा पाच वर्षांनी आमच्या जिममधून त्याच्या जवळजवळ दुप्पट मारणारा गडी निघणार. बॅनर आत्ताच छापायला टाका.

आता काटामारी. कारखान्याच्या काट्यावर ऊस कमी भरतो म्हणून आपण तावातावाने बोलतो. तोच माणूस बेंचवर पडला की स्वतःच काटा मारतो. बार अर्ध्यावर आणायचा, छातीपासून वीतभर वर थांबवायचा आणि मोजायचं "एक". नाहीतर छातीवर आपटून चेंडूसारखा उडवायचा. नाहीतर मागे उभ्या मित्राने दोन्ही हातांनी बार ओढत "तूच, तूच, सगळं तूच!" ओरडायचं. मित्राच्या पाठीचा व्यायाम होतो, शंभरी याच्या नावावर लागते. त्यात बारच किती किलोचा हे कुणाला माहीत नसतं. कुठे वीसचा, कुठे पंधराचा, कुठे लेथवर वळवून घेतलेला. तुमचा शंभर नेमका किती, हे एकदा बार वजनकाट्यावर ठेवून बघा. धीर असेल तरच.

माझंही सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता बाहेरून बोलतोय. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी "काहीतरी उचलत जा" म्हटलं, म्हणून मी जिमला लागलो. वर्षभरात ५० पर्यंत पोचलो. पुढचा टप्पा साडेबावन्न. त्याला सव्वा किलोच्या दोन प्लेटा लागतात, आणि सव्वा किलोच्या प्लेटा आमच्या जिममधून अशा नाहीशा होतात, जशी लग्नातून नवी चप्पल. मग मी शहाणपणा केला. अडीचच्या दोन लावल्या आणि एकदम ५५ केले. बार खाली आला. वर जायला त्याने नकार दिला. सोमवार असूनही त्या क्षणी माझ्या मागे कुणी नव्हतं. शेजारच्या बेंचवरचं पोरगं कानातलं गाणं न थांबवता म्हणालं, "काका, लोळवा पोटावरनं." लोळवला. बरगड्यांपासून कमरेपर्यंत ५५ किलोचा रोलर फिरल्यावर माणसाला एकेक किलोचं महत्त्व कळतं. एकटे असाल तर बारच्या टोकांना क्लिप लावू नका, म्हणजे निदान एका बाजूला कलंडवून प्लेटा सांडता येतात. आवाज होतो, सगळे बघतात, पण तुम्ही उठता.

एका किलोचं महत्त्व सांगलीला जास्त माहीत आहे. २०२२ च्या जुलैअखेर बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलले. मलेशियाच्या अनिक कसदानने २४९. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात संकेतचं कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्यालाही उभा राहिला. बार वर गेला नाही. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक, आणि सोनं हुकलं ते एका किलोने. वडिलांची सांगलीत पानटपरी, पोरगा शाळकरी वयापासून वजनं उचलणारा, पदक मिळालं एकविसाव्या वर्षी. त्याच्या खेळात बेंच नसतोच, तिथे सगळं डोक्यावर न्यायचं असतं. सांगायचं एवढंच की त्याने नव्वद दिवसांचा बोर्ड वाचला नसावा.

साताऱ्याने तर याहून आधी वाट पाहिलेली आहे. गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले ते लाल मातीतून थेट मॅटवर. सहावे आले. हेलसिंकीला ब्राँझ मिळालं १९५२ ला, तेही त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले तेव्हा. सहाव्याचा तिसरा व्हायला चार वर्षं लागली. आणि ती खाशाबांना लागली, सोमवारी फक्त छाती मारणाऱ्याला नव्हे.

तालमीतला जुना वस्ताद नव्या पोराला आल्या आल्या लढायला सोडत नसे. आधी माती खण, मग त्यात ताक, तेल, हळद कालव, मग जोर मार. हे छळ म्हणून नव्हतं. (थोडं होतं.) जोर मारताना हातांवर शरीराचं साधारण दोन तृतीयांश वजन येतं. सत्तर किलोचं पोरगं ४५ किलोच्या आसपास दाबत असतं, फुकट. खांदे आणि मनगटं त्या दिवसांत तयार होतात. स्नायू लवकर जोर धरतात, हाडाला बांधणाऱ्या कंडरा सावकाश. ही तफावत जो विसरतो, त्याचं ते "खांदा दुखतोय जरा" मग खरं ठरतं. वीस जोर छाती जमिनीला टेकवून येत नसतील, तर ६० चा बेंच अजून तुमचा नाही. बेंचचा मूळ पुरुषही पैलवानच आहे म्हणा ना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅकनश्मिट नावाच्या मल्लाने जमिनीवर उताणं पडून १६४ किलोच्या आसपास दाबले. बेंचसुद्धा नव्हता. रांगेचा तर प्रश्नच नाही.

खुराकाचं दोन वाक्यांत आटोपतो. किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम प्रथिनं रोज पोटात गेली की पुरे, मग ती अंड्यातून येवोत, दुधातून, मटकीतून की चार हजारांच्या डब्यातून. डबा संपायच्या आत शंभर होत नाहीत, पण पोरं डबा बदलतात. झोप कुणी बदलत नाही. रात्री बाराला चौकात मित्राचा केक तलवारीने कापायचा, दोनला घरी यायचं, आणि सकाळी जिमवाल्याला विचारायचं, "सर, वजन का अडकलंय?" झोपेत भरायचं मांस चौकात कसं भरेल? तलवार मात्र पोलीस भरून नेतात.

असो. माझी पन्नाशी अजून तिथेच आहे. म्हणून एक विनंती. आमच्या जिमच्या सव्वा किलोच्या दोन प्लेटा ज्याने कुणी वाऱ्याने दार आपटू नये म्हणून बाथरूमच्या दाराला लावून ठेवल्या आहेत, त्याने त्या येत्या सोमवारच्या आत जागेवर आणून ठेवाव्यात. दाराला वीट चालते. मला साडेबावन्न करायचे आहेत.