रिक्त पद : एक

"आबाजी, लिथिअमपेक्षा सीझिअम जास्त काऊन भडकते?"

कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून नातीने विचारलं. चंद्रपूरचा मे महिना, बाहेर 46 अंश, आणि दहावीचे क्लास सुट्टीतच सुरू झालेले. खरं तर अशा दुपारी कोणी भडकलं तर कारण विचारू नये.

रसायनशास्त्राशी माझी ओळख जेमतेम. शाळेत सोडिअम एकदाच पाहिलं. ते रॉकेलात बुडवून ठेवतात, पण शिपायाने बाटलीतलं अर्धं रॉकेल चहाच्या स्टोव्हला लावलं होतं. उघड्या पडलेल्या गोळ्यावर पांढरी पुटं चढलेली. सरांनी चाकूने लोण्यासारखा वाटाण्याएवढा तुकडा कापला आणि पाण्याच्या घमेल्यात टाकला. तो फिस्स करत पाण्यावर भिंगरीसारखा पळाला आणि फट् करून संपला. "दिसलं का सगळ्यांना?" सरांनी विचारलं. सगळा वर्ग बाकांखाली होता.

पण नातीच्या पुस्तकातलं अणूचं चित्र पाहिलं आणि मला एकदम ओळखीचं वाटलं. मधोमध केंद्रक, भोवती कक्षा, आणि पार टोकाला एकटा बसलेला इलेक्ट्रॉन. आस्थापना शाखेत माझा जन्म गेला. हा तर आमचा जिल्हा होता!

"हे बघ," मी म्हणालो, "केंद्रक म्हणजे गडचिरोलीचं मुख्यालय. अल्क धातूंकडे बाहेरच्या कक्षेत एकच कर्मचारी असतो, आणि त्याला पळून जायचं असतं. लिथिअमचा कर्मचारी गडचिरोलीतच, साहेबांच्या नाकासमोर. जाईल कुठे? सोडिअमचा चामोर्शीला, पोटॅशिअमचा अहेरीला, रुबिडिअमचा भामरागडला. आणि सीझिअमचा सिरोंच्याला, मुख्यालयापासून 200 किलोमीटरच्या आसपास. साहेबांचा धाक तिथवर पोचेपर्यंत त्याची हवा होते. शिवाय मधे इतकी कार्यालयं, की साहेबांची हाक आतल्या आतच विरते."

"याला पुस्तकात..."

"पुस्तकात काहीही म्हणोत. सिरोंच्याचा माणूस बॅग भरूनच बसलेला असतो. पाण्याने नुसतं विचारलं तरी निघाला. फ्रान्शिअमचं तर विचारूच नको. 1939 मध्ये मार्गरेट पेरे या बाईंना ते सापडलं. त्यातल्या त्यात टिकाऊ प्रकाराचेही 22 मिनिटांत निम्मे अणू गायब. अशी हजेरी मी एका टेबलावर पाहिली आहे, पण नाव सांगणार नाही."

नातीने वहीत पाच गावांचा नकाशा काढला. तिला पटलं असावं, कारण तिने पुढचा प्रश्न टाकला. "मग हॅलोजन उलटे काऊन? तिथं तर वरचाच जास्त भडकते. फ्लुओरीन सगळ्यात खतरनाक, आयोडीन गरीब."

इथे मला खरी मजा आली. हॅलोजनकडून पळायला कोणी उत्सुक नसतं, उलट त्यांचं एक पद रिक्त असतं. फ्लुओरीनचं रिक्त पद मुख्यालयाला अगदी खेटून. साहेब स्वतः दारात उभे, दिसेल त्याला खुर्चीत बसवतात. आयोडीनचं रिक्त पद दूर जंगलात. जाहिरात निघते, अर्ज येत नाहीत. म्हणजे नियम एकच : साहेब जवळ असले की माणूस सुटत नाही, आणि पद रिकामं राहत नाही. पहिल्या गणात तोच नियम खालच्याला भडकवतो, सतराव्या गणात वरच्याला.

फ्लुओरीनने रुजू करून घेतलेला माणूस कार्यमुक्त करायचा म्हणजे काय, हे रसायनशास्त्रज्ञांना विचारावं. कित्येक जण त्या नादात भाजले, काही जिवानिशी गेले. शेवटी 1886 मध्ये फ्रान्सच्या मॉयसाँने वीज लावून तो आदेश काढला आणि 1906 मध्ये नोबेल मिळवलं. आमच्याकडे कार्यमुक्तीचे आदेश याहून उशिरा निघालेले आहेत, नोबेल मात्र कोणाला मिळालं नाही. आणि पद भरलं म्हणून फ्लुओरीन स्वस्थ बसतं असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या हातपंपांत फ्लोराइड लीटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर जातं, हाडादातांत दुसऱ्याच्या खुर्चीवर बसतं, आणि पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग उमटतात. या साहेबांवर विनोद करताना मी जरा जपूनच करतो.

क्लोरीन त्या मानाने कामाचा. ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, ती याचीच. जंतूंच्या घरातली माणसं ओढून नेतो, जंतूंचं कार्यालय बंद.

"आणि पोटॅशिअम आयोडाइडमध्ये क्लोरीनचं पाणी टाकलं तर तपकिरी होते, ते?"

"प्रतिनियुक्ती!" मी जवळजवळ ओरडलोच. "माणूस होता आयोडीनकडे. मुख्यालयाजवळच्या क्लोरीनने ओढून नेला. आयोडीनचं पद पुन्हा रिक्त, म्हणून ते रागाने तपकिरी."

नातीने आता मोबाइल काढला आणि वाचून दाखवलं की सीझिअम 28.5 अंशाला वितळतं, रुबिडिअम 39.3 ला. म्हणजे मे महिन्यात आपल्या चंद्रपुरात दोघंही बंद काचनळीत पातळच. पोटॅशिअमला 63.5 अंश लागतात. "ते अजून टिकून आहे," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

मग तिने वही मिटली. "पण आबाजी, इतके भडकू सोडिअम अन् इतका ओढाळ क्लोरीन, एकत्र आले तर होते काय? मीठ! किलोभर पुडीतलं साधं मीठ."

साधं? 1979 मध्ये मी नोकरीला लागलो. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला वेगळा झाला, त्याआधी सगळा मुलूख चंद्रपूरचाच. आतल्या एका आठवडी बाजारात मला मोजमाप दिसलं. एक बाई जंगलातून वेचून, फोडून आणलेली चारोळी घेऊन बसली होती. व्यापाऱ्याने मापभर चारोळी ओतून घेतली आणि त्याच मापाने मापभर मीठ दिलं. बाईने ते पदरात बांधलं.

नात माझ्याकडे बघत राहिली. चारोळीचा आजचा भाव तिला ठाऊक आहे, श्रीखंडावर ती मोजून टाकतात.

"तुम्ही काही बोलले नाही, आबाजी? तुम्ही तर सरकारी माणूस."

"मी तिथे प्रतिनियुक्तीवर होतो," मी म्हणालो, आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठलो.