ती. स्व. व्हॉयेजररावांस खुले पत्र

ती. स्व. व्हॉयेजरराव (क्रमांक एक) यांस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या तब्येतीवरून इकडे सगळे फार हळवे झाले आहेत आणि याला कुठेतरी आळा बसायला हवा.

५ सप्टेंबर १९७७ ला आपण, म्हणजे व्हॉयेजर-१ हे अवकाशयान, पृथ्वीवरून निघालात. गुरूच्या आयो या चंद्रावरचे ज्वालामुखी दाखवलेत, शनीची कडी दाखवलीत. कौतुक झाले, ते रीतसरच होते. १९९० मध्ये आपले कॅमेरे बंद झाले. त्यानंतर, २०१२ साली आपण आंतरतारकीय अवकाशात शिरलात ती बातमी सोडली, तर आपली साधी विचारपूस कितीजणांनी केली? मग नोव्हेंबर २०२३ मध्ये आपण असंबद्ध बरळू लागलात, आणि जगाचे डोळे भरून आले. गेली होती मेमरीची एक चिप. आपली देखभाल करणाऱ्या पासाडेनाच्या अभियंत्यांनी जुनी कागदपत्रे उपसली, त्या चिपमधला कोड तुकडे करून इतरत्र मिळेल त्या जागेत कोंबला. निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तराला तेवढेच. एप्रिलमध्ये आपण शुद्धीवर आलात आणि श्रेय मिळाले आपल्या ‘जिद्दी’ला! अहो, आपण प्लुटोनियमवर चालता. दरवर्षी चारेक वॅट घटतात, आणि कोणते उपकरण बंद करायचे ते इथली माणसे ठरवतात.

खरे सांगू? आपण अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहात, हाच आपला मोठा गुण. घरातल्या आजोबांनी तीच हकिकत दुसऱ्यांदा सुरू केली की आम्ही मोबाइल काढतो. आपण वर्षानुवर्षे तीच मोजमापे कळवता, तर आम्ही गहिवरतो. आपल्याला रात्री पाणी नेऊन द्यावे लागत नाही ना!

आणि क्रमांक दोन? ते आपल्याआधी सोळा दिवस निघाले, युरेनस-नेपच्यूनला भेट देणारे आजवर ते एकटेच. त्यांना आज्ञा पाठवू शकणारी कॅनबेराजवळची सत्तर मीटरची अँटेना २०२० मध्ये दुरुस्तीला काढली, तेव्हा महिनोन्‌महिने त्यांचे नेहमीचे कामकाज अडले. तीही सत्तरच्या दशकातलीच, पण तिच्यासाठी कुणी टिपे गाळल्याचे ऐकिवात नाही. बिचारी जमिनीवर आहे.

कळावे. लोभ आहेच, तो जरा आवरता यावा, ही विनंती.

आपला,
एक अलिप्त पृथ्वीकर

ता. क. : आपल्याजवळच्या गाण्यांच्या तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई आहेत. आपण निघालात आणि अकराव्या दिवशी बाई गेल्या. वाटेत कुणी ती तबकडी लावलीच, तर गाणे चालू असताना आपसांत बोलू नका म्हणावे. बाईंना ते खपत नसे.