बॉबिनची परीक्षा

आमच्या आबांनी कोल्हापुरात पंचेचाळीस वर्षं शिंपीकाम केलं आणि तेवढ्या काळात मला एकदाही मशीनला हात लावू दिला नाही. "पायाखाली पायडल नको, बुडाखाली खुर्ची पायजे," हे त्यांचं माझ्यापुरतं संपूर्ण शैक्षणिक धोरण. मी बी.कॉम. झालो, खुर्ची मिळवली आणि पहिल्या पगारातून तयार शर्ट घेतला. आबा तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "मुंढा चुकलाय."

बारावीत गेल्यावर लेकीने जाहीर केलं, फॅशन डिझाईन करणार. म्हणजे जे काम करावं लागू नये म्हणून आबांनी मला शिकवलं, ते शिकायला आता मी पैसे भरायचे. एका खासगी कॉलेजच्या फीचा आकडा आबांना वाचून दाखवला, तर त्यांचा तंबाखू मळणारा अंगठा जागच्या जागी थांबला. "एवढ्यात मशीनं किती येतील?"

लेकीने भानू अथैयांचं नाव काढलं. कोल्हापूरच्या, 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 साली ऑस्कर, भारताला मिळालेला पहिला. कोल्हापुरात या नावापुढे बापाचं काही चालत नाही. तरी मी म्हणून पाहिलं, "त्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या. फॅशन डिझाईन नव्हे."

"तेव्हा निफ्ट होती कुठे? ती फॅशनची सरकारी संस्था 1986 मध्ये निघाली."

निफ्टचं माहितीपत्रक वाचायला बसलो. फॅशन डिझाईन वेगळं, टेक्स्टाईल वेगळं, निटवेअर वेगळं, ॲक्सेसरी वेगळं, फॅशन कम्युनिकेशन आणखी वेगळं. सगळं चार वर्षांचं बी.डेस. एकट्या शिंप्याच्या दुकानाचे इतके तुकडे मी पहिल्यांदाच पाहिले. शिवाय बी.एफ.टेक., म्हणजे कारखान्यात कपडे कसे निघतात त्याचं शास्त्र. त्याला बारावीला गणित लागतं आणि आमच्या लेकीने गणिताला दहावीतच सोडचिठ्ठी दिलेली. एक पर्याय आपोआप कटला. गणिताने आमच्या घरातला सोडवलेला हा पहिला आणि शेवटचा प्रश्न.

निफ्टची प्रवेश परीक्षा आहेच. पण ती नाही जमली तर काय, म्हणून पुण्यातली कॉलेजं बघायला निघालो. आबा म्हणाले, मीही येतो. कोट घातला, खिशात टेप.

पहिल्या कॉलेजात एसी इतका होता की कोट एकट्या आबांचाच कामी आला. समुपदेशक बाईंनी कॉफी दिली आणि 'ग्लोबल एक्सपोजर' हा शब्द सात वेळा वापरला. मी विचारलं, डिग्री कुठल्या विद्यापीठाची? म्हणाल्या, "इंटरनॅशनल." नोकरीचं काय? "शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स." नोकरी शंभर टक्के नव्हे, मदत शंभर टक्के. आमच्या गल्लीतले लोकही एवढी मदत फुकट करतात.

मग त्यांनी पुतळ्यावर टाचण्यांनी लावलेलं कापड दाखवलं. खरा कपडा कापण्याआधी असा 'मस्लिन'वर बेतून बघतात म्हणे. आबांनी काठ चिमटीत धरून चोळला.

"मांजरपाट."

"सर, हे मस्लिन आहे."

"बाई, मांजरपाट."

पुढे 'बायस कट' निघाला. आबा म्हणाले, "उरेब." बाई माझ्याकडे बघून हसल्या. म्हातारा शिवी देतोय की काय, अशी त्यांना शंका आली असावी.

शिलाईच्या वर्गात वीस मशीनं ओळीने उभी, आरशासारखी लखलखीत. मला तर तिथेच फॉर्म भरावासा वाटला. आबा वाकले, सुईखालची पट्टी सरकवली, बॉबिन-केस काढली आणि आतल्या खाचेतून करंगळी फिरवून माझ्या नाकासमोर धरली. बोट स्वच्छ.

"काय झालं?"

"कापूस न्हाई. हितं कुणी शिवत न्हाई."

चालत्या मशीनमध्ये कापडाचा बारीक भुसा साठतोच, रोज पुसलं तरी. माहितीपत्रकाची बत्तीस गुळगुळीत पानं त्या एका करंगळीपुढे गारद झाली.

दुसरं कॉलेज जुनं होतं. पंखा करकरत होता, पुतळ्याचा एक खांदा उसवलेला. आबांची करंगळी बाहेर आली ती राखाडी बोळा आणि मोडक्या सुईचं टोक घेऊन. आबांचा चेहरा असा उजळला की नातीचं लग्न ठरलंय असं कुणालाही वाटावं. कोपऱ्यात एक मुलगी ब्लेडने बाही उसवत होती. तिसऱ्यांदा, तिनेच सांगितलं; डोळे भरलेले. आबा न विचारता तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा जरासा जास्तच असतो, तो ओढून नाही, बोटांनी जिरवत जायचं, हे त्यांनी तिला कच्चे टाके घालून दाखवलं. अर्धा तास. वर्गाच्या मॅडमही येऊन उभ्या राहिल्या. मी दाराशी फाईल धरून उभा. पंचेचाळीस वर्षांत हे मला कधी दाखवलं नव्हतं.

आता घरात निफ्टच्या 'सिच्युएशन टेस्ट'ची तयारी चालू आहे. समोर ठेवलेल्या वस्तूंतून ठरलेल्या वेळात काहीतरी बनवायचं. रोज संध्याकाळी जाजमावर तार, वर्तमानपत्रं, खराट्याच्या काड्या. परवा लेकीला कापड कमी पडलं. मी ऑफिसातून आलो तेव्हा माझ्या निळ्या शर्टाची डावी बाही तिच्या हातात होती आणि आबा कात्री पुसत होते.

"अहो, नवा होता तो!"

"असंना," आबा म्हणाले. "मुंढा तसाबी चुकल्यालाच हुता."