पूर्वेचा वारा, पश्चिमेची छत्री

परदेशी बालकथांतला आणि कार्टूनमधला वारा हा मोठा सभ्य गृहस्थ असतो. तो बहुधा एकटाच येतो. स्वच्छ ऊन असतं, पिवळी पानं गिरक्या घेतात, कुणाची तरी टोपी उडते, सगळे तिच्यामागे धावतात आणि दहाव्या मिनिटाला ती परत मिळते. डिस्नेच्या 1968 सालच्या विनी द पूच्या वादळी दिवसात घुबडाचं अख्खं घर कोसळतं, तर पिगलेट त्याला आपलं राहतं घर देऊन टाकतो. ठाण्यात इमारत पुनर्विकासाला देऊन बसलेल्या माणसाला ही गोष्ट सांगून पाहा! माझं म्हणणं एवढंच की, हा वारा ठाणे-कल्याण पट्ट्यात चालायचा नाही. इथल्या मुलांना वाऱ्याची गोष्ट सांगायचीच तर पान आणि ढेकळाची सांगावी.

पुरावा म्हणून मेरी पॉपिन्स घ्या. पी. एल. ट्रॅव्हर्स यांच्या 1934 सालच्या पुस्तकातली मुलं सांभाळणारी ही बाई पूर्वेच्या वाऱ्याबरोबर येते आणि वारा पश्चिमेचा झाला की छत्री उघडून निघून जाते. लंडनमध्ये हे ठीक. डोंबिवलीत पूर्वेचा वारा आधी एमआयडीसीला वळसा घालून येतो. जिथे 2014 साली हिरवा पाऊस पडल्याची आणि 2020 साली रस्ता गुलाबी झाल्याची बातमी आली, तिथून उडत आलेली बाई दारात उभी राहिली, तर लोक तिचं शिफारसपत्र नाही, रंग तपासतील. शिवाय आपल्याकडे पूर्वेचा वारा थंडीतल्या सकाळचा आणि पश्चिमेचा पावसाळ्याचा. म्हणजे बाई थंडीत रुजू होणार आणि जूनमध्ये, शाळा उघडल्या रे उघडल्या की, काम सोडणार. गोष्टीतला एवढाच भाग डोंबिवलीकरांना ओळखीचा वाटेल.

छत्रीचं तर विचारूच नका. तिची आणि वाऱ्याची गाठ पडते ती जूनमध्ये, स्टेशनच्या पुलावर. ती माणसाला वर नेत नाही. स्वतःच उलटी होते, दोन काड्या सुटतात आणि माणूस एका हातात डबा, दुसऱ्या हातात ते काळं कमळ धरून लोकल गाठायला धावतो. कारण साधं आहे: आपला नैऋत्य मोसमी वारा पाऊस सोबत घेऊनच येतो. हे आपल्या गोष्टी रचणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. पान-ढेकळाच्या गोष्टीत वारा सुटला की ढेकूळ पानावर बसायचं, पाऊस आला की पान ढेकळावर पसरायचं. एक दिवस दोघे एकदम आले. पान उडालं, ढेकूळ विरघळलं, गोष्ट संपली. कोकणपट्टीच्या पावसाळ्याचा इतका नेमका अहवाल दुसऱ्या कुठल्या बालकथेत सापडेलसं वाटत नाही.

कुणी म्हणेल, ही गोष्ट फार दुःखी आहे. पण चिऊ-काऊच्या गोष्टीतलं कावळ्याचं शेणाचं घर वाहून जाताना पाहत इथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या वरणभात जेवत आली. त्यापायी कुणी घास नाकारल्याचं ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: मुलांच्या गोष्टीला भूगोल कशाला? कल्पनेला मोकळं सोडावं. कबूल, पण उडण्याची गंमत, उडणारी वस्तू ओळखीची असली तरच येते. डोंबिवलीत टोपी घालतं कोण? इथे उडतो तो चौथ्या मजल्यावरच्या दोरीवरचा बनियन. तो दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलला अडकतो. मग बेल दाबून, वस्तूचं नाव न घेता, ‘आमचं काही आलंय का हो तुमच्याकडे?’ असं विचारावं लागतं, आणि वर्षभर न बोललेली दोन घरं चहाला बसतात. पूसुद्धा वादळी दिवशी घरोघर शुभेच्छा देतच फिरतो. त्याच्या हातात बनियन नसतो, इतकंच.

तेव्हा कार्टून काढणाऱ्यांनी पुढचा वादळी दिवस इथल्या एखाद्या चार मजली सोसायटीत काढावा. तोवर, जून जवळ आला की दोरीवरच्या प्रत्येक कपड्याला दोन-दोन चिमटे लावा.